अभिक्रिया चालू असताना दाण्याच्या आतलं तापमान: प्रकाश देणाऱ्या सच्छिद्र पदार्थांचा तापमापक कसा बनवावा, कसा वापरावा

उत्प्रेरकावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत एक आकडा असतो: ‘तापमान २५०° से.’ हे तापमान नेमकं कशाचं? बहुतेक वेळा ते उत्प्रेरकाच्या थरात खुपसलेल्या थर्मोकपलच्या, म्हणजे दोन धातूंच्या तारांच्या तापमापकाच्या, टोकाचं असतं. अभिक्रिया मात्र त्या टोकावर होत नाही. ती उत्प्रेरकाच्या दाण्यात, त्याच्या छिद्रांच्या भिंतींवर होते. उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते तीही तिथेच. थर्मोकपलला दिसतं ते दाणे, वायू आणि स्वतःची धातूची नळी यांचं मिळून झालेलं काहीतरी सरासरी तापमान. त्या नळीतूनही उष्णता बाहेर वाहत असते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एका हिशोबाने कळेल. सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) १०० किलोज्यूल प्रति मोल आहे आणि दाण्याचं खरं तापमान ६०० केल्विन नसून ६१० आहे, असं धरा. फक्त दहा अंशांची चूक. तरीही वेग १.३९ पट होतो, म्हणजे जवळपास ४० टक्के जास्त. मग आपण वहीत ‘नवा उत्प्रेरक जुन्यापेक्षा ४० टक्के सरस’ असं लिहितो आणि प्रत्यक्षात तो फक्त जास्त गरम झालेला असतो. मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो तो यासाठी.

यावरचा एक चांगला उपाय म्हणजे दाण्याच्या आतच तापमापक बसवणं, आणि तोही असा की ज्याला तार लागत नाही. लॅन्थनाइड, म्हणजे टर्बियम, युरोपियम, एर्बियम यांसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचे आयन असलेला सच्छिद्र पदार्थ दाण्यात मिसळायचा, बाहेरून त्यावर लेझर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या रंगांवरून तापमान वाचायचं. पुढे मी एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेणार आहे: एच-झेडएसएम-५ या झिओलाइटवर (सूक्ष्म छिद्रांच्या, आम्लधर्मी अ‍ॅल्युमिनोसिलिकेट स्फटिकावर) इथेनॉलचं इथिलीन करण्याची अभिक्रिया, तापमान २५० अंश सेल्सियसच्या आसपास. तुमची अभिक्रिया वेगळी असली तरी क्रम हाच राहील.

आधी कागदावर: फरक कुठे असणार?

काम सुरू करण्याआधी अर्धा तास हा हिशोब कराच. आपल्या तापमापकाचे कण नॅनोमीटर आकाराचे असतात, आणि ‘नॅनो’ शब्द आला की अनेकांना वाटतं, उत्प्रेरकाचा प्रत्येक सूक्ष्म कण आजूबाजूपेक्षा तापलेला असणार आणि आपला नॅनोतापमापक ते पकडणार. असं होत नाही.

समजा एक ग्रॅम उत्प्रेरक एक वॅट उष्णता सोडतोय. ही प्रयोगशाळेच्या मानाने जोमदार अभिक्रिया झाली. १०० नॅनोमीटर व्यासाच्या एका कणाचं वस्तुमान साधारण १०⁻¹⁸ किलोग्रॅम, म्हणजे त्याच्या वाट्याला १०⁻¹⁵ वॅट येतात. भोवतालची उष्णतावाहकता ०.१ वॅट प्रति मीटर केल्विन धरली तर तो कण शेजाऱ्यांपेक्षा किती गरम असेल? सुमारे ०.०००००००१६ केल्विन. मोजण्यासारखं काहीच नाही.

आता तोच उत्प्रेरक एक सेंटीमीटर व्यासाच्या नळीत भरा. घनता घनमीटरला ६०० किलोग्रॅम आणि थराची परिणामी वाहकता ०.२ धरली, तर मध्य आणि भिंत यांच्यातला फरक सुमारे १९ केल्विन येतो. म्हणजे तापमानातला फरक नॅनोमीटरवर नसतो, तो मिलीमीटरवर असतो. नॅनोतापमापकाचा फायदा हा की तो दाण्याच्या पोटात बसतो, अभिक्रियेत ढवळाढवळ करत नाही आणि थरभर पसरता येतो. प्रकाश आत-बाहेर नेणारं फायबर मिलीमीटर-मिलीमीटरने सरकवायची तयारी ठेवा. मापनाचा खरा फायदा तिथे आहे.

आपल्या उदाहरणातला हिशोब असा: इथेनॉलपासून इथिलीन आणि पाणी होताना मोलमागे सुमारे ४५ किलोज्यूल शोषले जातात. नायट्रोजन बर्फात ठेवलेल्या इथेनॉलच्या बाटलीतून बुडबुड्यांनी सोडला तर त्यात सुमारे १.६ टक्के इथेनॉलची वाफ येते. सगळ्याची अभिक्रिया झाली आणि भट्टीने काहीच भरपाई केली नाही, तर वायू जास्तीत जास्त २४ केल्विनने थंड होईल. प्रत्यक्षात भट्टी भरपाई करत राहते, त्यामुळे उतार त्याहून कमी दिसणार. म्हणजे आपल्याला काही अंशांची घट पकडायची आहे आणि तापमापकाची अनिश्चितता दीड अंशाच्या आत हवी. हे आकडे हाती आल्याशिवाय पदार्थ निवडू नका.

पदार्थ कोणता?

प्रकाशाच्या तीव्रतेवरून थेट तापमान काढणं बाद समजा. लेझर जरा हलला, दाणे सरकले, नळीवर डाग पडला की तीव्रता बदलते. म्हणून एकाच पदार्थातून येणाऱ्या दोन पट्ट्यांचं, म्हणजे दोन तरंगलांबींच्या प्रकाशाचं, गुणोत्तर घेतात. अशा गुणोत्तराचे दोन मोठे प्रकार आहेत, आणि त्यातली निवड पुढच्या सगळ्या कामावर परिणाम करते.

पहिला प्रकार टर्बियम–युरोपियम जोडीचा. धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे ‘मॉफ’ या नावाने ओळखले जाणारे सच्छिद्र स्फटिक, या जोडीसाठी फार सोयीचे. चौकटीतला सेंद्रिय रेणू अतिनील प्रकाश शोषून टर्बियमला देतो आणि टर्बियम त्यातला काही भाग युरोपियमला. तापमान वाढलं की ही देवाणघेवाण वाढते. टर्बियमचा हिरवा प्रकाश, सुमारे ५४५ नॅनोमीटरचा, घटतो आणि युरोपियमचा लाल, सुमारे ६१५ चा, वाढतो. २०१२ मध्ये अशा मिश्र मॉफचा गुणोत्तर-तापमापक जाहीर झाला. त्यात धातूंपैकी ०.६९ टक्के युरोपियम होतं, बाकी टर्बियम, आणि तो ५० ते २०० केल्विन या पल्ल्यात चालत होता. तेव्हापासून असे कितीतरी मॉफ आले. मॉफच्या विकासासाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे आता विद्यार्थ्यांचा ओढाही तिकडे आहे.

दिसायला हा तापमापक सुंदर असतो. दिव्याखाली धरला की हिरव्यापासून पिवळ्या-केशरीपर्यंत रंग बदलताना डोळ्यांनी दिसतो. पण चालू अभिक्रियेत तो वापरताना मला धडा मिळाला. उन्हाळ्यात केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तापमानांशी गुणोत्तराची घातलेली सांगड, जुलैत लागू पडेना. खोलीच्या तापमानाला नुसता ठेवलेला नमुना रोज थोडा-थोडा ‘थंड’ होत असल्याचं गुणोत्तर सांगत होतं. नमुना थंड होत नव्हता, तो पावसाळ्यातली दमट हवा पीत होता.

कारण समजून घेण्यासारखं आहे. पाण्यातल्या ओ–एच बंधाचं कंपन सुमारे ३४०० सेमी⁻¹ (हे वर्णपटशास्त्रातलं ऊर्जेचं एकक) ऊर्जेचं असतं. युरोपियमची प्रकाश देणारी पातळी तिच्या खालच्या पातळीपासून सुमारे १२००० सेमी⁻¹ वर आहे. अशी तीन-चार कंपनं मिळून ती ऊर्जा गिळून टाकतात. टर्बियमची दरी सुमारे १४८०० सेमी⁻¹ची, ती भरायला एखादं कंपन जास्त लागतं. म्हणून पाणी दोघांनाही विझवतं, पण युरोपियमला जास्त. गुणोत्तर बदलतं आणि तापमान ‘उतरतं’. आपल्या उदाहरणात तर पाणी हे अभिक्रियेचंच उत्पादन आहे. जो तापमापक पाण्याला तापमानाइतकाच प्रतिसाद देतो, तो इथे चालणार नाही. कोरडं माध्यम, ८०–१०० अंशांच्या आतलं तापमान आणि चौकटीला न खाणारे अभिकारक असतील, तरच टर्बियम–युरोपियम मॉफ घ्या.

दुसरा प्रकार बोल्ट्झमन तापमापक. इथे दोन्ही पट्ट्या एकाच आयनातून येतात. एर्बियमच्या दोन पातळ्या एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की उष्णतेनेच त्यांच्यात सतत ये-जा चालते. वरच्या पातळीतून सुमारे ५२५ नॅनोमीटरचा प्रकाश येतो, खालच्या पातळीतून सुमारे ५४५ चा. दोन्ही हिरवेच. तापमान वाढलं की वरच्या पातळीत गर्दी वाढते आणि ५२५ चा वाटा वाढतो. बाहेरून कोणी ऊर्जा गिळली तर दोन्ही पट्ट्या मिळून मंद होतात, कारण पातळ्यांमधली वाटणी तापमानच ठरवत राहतं. म्हणून चालू अभिक्रियेसाठी माझी पसंती नेहमी याला आहे. संवेदनशीलता थोडी कमी असली तरी चालेल. रसायन बदललं म्हणून आकडा बदलणार नाही ही खात्री मला अधिक मोलाची वाटते.

सोबतीला यिटर्बियम घेतात. तो ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश चांगला शोषतो आणि दोन हप्त्यांत ऊर्जा एर्बियमला देतो. अवरक्त प्रकाश टाकून हिरवा मिळत असल्यामुळे उत्प्रेरकाची किंवा सेंद्रिय अवशेषांची स्वतःची चमक मध्ये येत नाही. सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे यिटर्बियम-एर्बियम घातलेले स्फटिक सिलिकाच्या कवचात ठेवले तर ९०० केल्विनपर्यंत तापमान मोजता येतं, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं आणि पुढे अशाच कणांनी उत्प्रेरकाच्या थरातला तापमानाचा चढउतारही मोजला. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात अ‍ॅना काचमारेक यांचा गट सच्छिद्र सेंद्रिय-सिलिका आणि लॅन्थनाइड यांची सांगड घालून तापमापक बनवतो. वाचायला सुरुवात करायची तर ही दोन ठिकाणं उत्तम.

झिओलाइटच्या छिद्रांतच एर्बियम का नाही घालायचा, असा प्रश्न पडेल. ‘झिओलाइट वाय’ या प्रकारात दुर्मिळ मृदा धातू बसवणं जुनंच आहे. १९६० च्या दशकापासून पेट्रोलियम फोडण्याचे उत्प्रेरक तसे बनतात. पण छिद्रात बसलेला एकटा आयन पाणी आणि हायड्रॉक्सिल गटांनी वेढलेला असतो आणि ९८० ते हिरवा हा दोन हप्त्यांचा प्रवास पूर्ण होण्याआधीच विझतो. म्हणून एर्बियम फ्लोराइडच्या स्फटिकात सुरक्षित ठेवायचा आणि भोवती सच्छिद्र कवच घालायचं.

(झिओलाइटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेटने तापवल्यावर उकळल्यासारख्या फसफसणाऱ्या दगडाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं हे ग्रीक नाव दिलं. आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत जळगाव, नाशिक, पुणे परिसरातल्या खाणींत याच कुळातले स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट जगातल्या उत्तम नमुन्यांत गणले जातील असे सापडतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झिओलाइट उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम झालं आहे.)

दाणा तयार करणं

गाभ्याचे कण विकत मिळतात, आणि पहिल्यांदा करत असाल तर विकतच घ्या. घरी बनवायचे तर ओलिक आम्लात ३०० अंशांना, नायट्रोजनखाली संश्लेषण होतं. फ्लोराइडमुळे हायड्रोजन फ्लोराइडचा धोका असतो. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर त्यात पडू नका. प्रमाण साधारण १८–२० टक्के यिटर्बियम, २ टक्के एर्बियम. गाभ्याभोवती काही नॅनोमीटर जाडीचं, आयन न घातलेल्या फ्लोराइडचं कवच असलेले कण मिळाले तर तेच घ्या. ते कितीतरी जास्त उजळतात, कारण पृष्ठभागावरचे विझवणारे गट आयनांपासून लांब राहतात.

मग सिलिकाची दोन कवचं. आतलं घट्ट: सायक्लोहेक्झेनमध्ये इगेपाल नावाचा साबणासारखा पदार्थ, अमोनिया आणि टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट घेऊन, हळूहळू, दोन दिवस ढवळत. घट्ट कवच नसेल तर जास्त तापमानाला कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि कॅलिब्रेशन निकामी होतं. बाहेरचं कवच सच्छिद्र: पाण्यात सीटॅब हा दुसरा साबणासारखा पदार्थ घालून, अल्कलीत, पुन्हा त्याच सिलिकेटने. सीटॅबच्या गोळ्यांभोवती सिलिका जमते आणि नंतर सीटॅब काढला की दोन-तीन नॅनोमीटरची छिद्रं राहतात. सीटॅब काढायला अमोनियम नायट्रेट घातलेल्या इथेनॉलमध्ये उकळा, मग हवेत ५५० अंशांना जाळून घ्या. जाळणं टाळू नका. उरलेला सेंद्रिय अंश पुढे काळा पडून प्रकाश खातो. तुमचा उत्प्रेरक एखादा धातू असेल तर तो याच छिद्रांत बसवता येतो, म्हणजे तापमापक आणि उत्प्रेरक एकाच कणात.

आपल्या उदाहरणात उत्प्रेरक झिओलाइट आहे. इथली सर्वांत महत्त्वाची कृती अगदी साधी: दहा भाग झिओलाइटची पूड आणि एक भाग तापमापकाची पूड खलात नीट एकजीव करा, मिश्रणाची प्रेसमध्ये वडी दाबा, ती फोडा आणि २०० ते ४०० मायक्रोमीटरचे दाणे चाळून घ्या. दोन्हींचे वेगळे दाणे करून नुसते मिसळू नका. तसं केलंत तर तापमापकाच्या दाण्यात अभिक्रियाच होणार नाही आणि तुम्ही शेजाऱ्याचं तापमान मोजाल.

अशाच आकाराचे दुसऱ्या प्रकारचे दाणेही बनवून ठेवा, ज्यात झिओलाइटऐवजी निष्क्रिय सिलिका आहे. यांची गरज पुढे पडणार आहे.

प्रकाशाची मांडणी

क्वार्ट्झची नळी, तिच्याभोवती फट ठेवलेली भट्टी, आणि फटीतून आत बघणारं फायबर. लेझर ९८० नॅनोमीटरचा, काही दहा मिलिवॅट, ठिपका साधारण एक मिलीमीटरचा. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त धोकादायक आहे. ९८० साठीच बनवलेला चष्मा खोलीतल्या प्रत्येकाने घालायचा, पाहुण्यांनीसुद्धा. वर्णपटमापकाच्या तोंडाशी लेझर अडवणारा, सुमारे ८५० च्या खालचंच आत सोडणारा फिल्टर लावा. फायबरचं प्लास्टिक आवरण तपासा: साधं ॲक्रिलेट ८५ अंशांच्या वर टिकत नाही, पॉलिइमाइड ३०० च्या आसपास थकतं.

खोलीतल्या ट्यूबलाइट बंद करा. त्यांतल्या पाऱ्याची ५४६ नॅनोमीटरची रेषा नेमकी एर्बियमच्या दुसऱ्या पट्टीवर पडते. ट्यूबलाइट चालू राहिली तर तापमापक काही अंश थंड दाखवतो आणि दिवसभर कारण सापडत नाही. याच रेषेचा एक चांगला उपयोगही आहे: काम सुरू करताना एकदा ट्यूबलाइटचा वर्णपट घ्या आणि रेषा ५४६.१ वर येते का ते बघा. मापकाची तरंगलांबी बरोबर आहे की नाही ते लगेच कळेल.

लक्षात ठेवा, दाणे प्रकाश विखुरतात, म्हणून हिरवा प्रकाश येतो तो मुख्यतः भिंतीलगतच्या दाण्यांतून. थराच्या मध्याचं तापमान हवं असेल तर मधोमध एक बंद टोकाची बारीक क्वार्ट्झ नळी ठेवून फायबर तिच्यातून आत न्यावं लागेल.

कॅलिब्रेशन

हे त्याच नळीत, त्याच दाण्यांनी, त्याच नायट्रोजन प्रवाहात करा. फक्त इथेनॉल बंद. कोरडा नायट्रोजन सोडून ३५० अंशांना दोन तास ठेवा, म्हणजे झिओलाइटमधलं पाणी निघून जाईल. मग ३०० केल्विनपासून वर दहा टप्पे, प्रत्येक टप्प्यावर तापमान पंधरा मिनिटं स्थिर झाल्यावर वर्णपट. नंतर तेच टप्पे उतरत. चढतीचे आणि उतरतीचे आकडे जुळले नाहीत तर दाणे बदलले आहेत किंवा तुम्ही घाई केली आहे.

संदर्भ थर्मोकपलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. साध्या के-प्रकाराला दोन अंशांची चूक मान्य असते. बर्फ-पाण्यात शून्य बघा. उकळत्या पाण्यात बघायचं तर उंची विसरू नका: पुण्यात, समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, पाणी १०० ला नाही तर सुमारे ९८ अंशांना उकळतं. त्यावर इंडियम १५६.६, कथील २३१.९ आणि शिसं ३२७.५ अंशांना वितळतं, हे टप्पे आपल्या पल्ल्याला पुरतात.

आता प्रत्येक वर्णपटातून पार्श्वभूमी वजा करून ५१६–५३४ आणि ५३८–५६० या दोन भागांखालची क्षेत्रफळं काढा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम आणि १ भागिले केल्विनमधलं तापमान यांचा आलेख सरळ रेषा यायला हवा. उतार किती हवा हे आधीच माहीत आहे: ५२५ नॅनोमीटर म्हणजे १९०४८ सेमी⁻¹, ५४५ म्हणजे १८३४९, फरक सुमारे ७००. त्याला ०.६९५ ने (सेमी⁻¹ प्रति केल्विनमधल्या बोल्ट्झमन स्थिरांकाने) भागलं की सुमारे १००७ केल्विन. तुमचा उतार याच्या जवळपास असेल तर तापमापक भौतिकशास्त्राशी प्रामाणिक आहे. तो ६०० किंवा १५०० आला तर पुढे जाऊ नका. पार्श्वभूमी, फिल्टर आणि लेझरची शक्ती तपासा. हा फायदा बोल्ट्झमन तापमापकाचा खास आहे: कॅलिब्रेशन चुकलं तर ते स्वतःच सांगतं.

फायबर किंवा मापक बदलला तर पूर्ण कॅलिब्रेशन पुन्हा करायची गरज नाही. उतार तोच राहतो. एका माहीत असलेल्या तापमानावर गुणोत्तर पुन्हा घेतलं की पुरे.

प्रत्यक्ष अभिक्रिया

२५० अंश सेल्सियस, म्हणजे ५२३ केल्विन, नुसता नायट्रोजन. अर्धा तास गुणोत्तर नोंदवत राहा. ते स्थिर असलं पाहिजे. मग झडप फिरवून तोच नायट्रोजन, त्याच वेगाने, बर्फातल्या इथेनॉलच्या बाटलीतून सोडा. बाहेर जाणारा वायू धूर-कपाटातच; इथिलीन पेटतं.

सुरुवातीला एक छोटा उंचवटा अपेक्षित धरा. इथेनॉल झिओलाइटच्या छिद्रांत शिरताना, अधिशोषणात, उष्णता सुटते. ही गरम लाट थराच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे जाते. फायबर वेगवेगळ्या उंचीवर ठेवून प्रयोग पुन्हा केलात तर ती सरकताना दिसते. थर्मोकपलला ती अनेकदा उशिरा आणि पसरट दिसते. लाट गेल्यावर अभिक्रियेचं शोषण जिंकतं आणि तापमान पहिल्यापेक्षा खाली स्थिरावतं.

आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणाने. कॅलिब्रेशनमध्ये ३०० केल्विनला गुणोत्तर ०.३० होतं, उतार १००७. सूत्र असं:

१/ता = १/३०० − (१/१००७) × लॉग(गु/०.३०)

इथे ‘ता’ तापमान, ‘गु’ मोजलेलं गुणोत्तर आणि ‘लॉग’ नैसर्गिक लॉगॅरिथम. नुसत्या नायट्रोजनमध्ये १.२५५ आलं, म्हणजे ५२३ केल्विन. इथेनॉल सुरू झाल्यावर स्थिर गुणोत्तर १.२१८ आलं, तर तापमान ५१५ केल्विन: आठ अंशांची घट. गुणोत्तरात तीन टक्क्यांचाच फरक आहे हे बघा. म्हणून अनिश्चिततेचा हिशोब हवा. ५२३ केल्विनला गुणोत्तर अंशामागे १००७ ÷ ५२३², म्हणजे ०.३७ टक्के बदलतं. गुणोत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत नेमकं असेल तर तापमान १.४ केल्विनपर्यंत नेमकं मिळेल. हेच ३०० केल्विनला ०.४५ आणि ७०० ला २.४ येतं, तापमान वाढेल तसा हा तापमापक बोथट होतो.

अर्धा टक्का गाठायला प्रकाश किती हवा? पट्ट्यांत अनुक्रमे ९०,००० आणि ७२,००० फोटॉन मोजले गेले की झालं. सॉफ्टवेअर दाखवतं तो आकडा फोटॉनचाच असेल असं नाही. मापकाच्या माहितीपत्रकातला गुणक बघून रूपांतर करा. आणि कागदी हिशोबावर न थांबता त्याच स्थितीत लागोपाठ वीस वर्णपट घेऊन प्रत्यक्ष पसारा काढा. तोच खरा.

आकडा खोटा तर नाही ना

आठ अंशांची घट दिसली म्हणून लगेच आनंद करू नका. चार तपासण्या करा, आणि यातली एकही वगळू नका.

लेझरची शक्ती निम्मी करा. गुणोत्तर बदललं तर लेझर स्वतःच दाणा तापवतोय. पाणी ९८० नॅनोमीटर शोषतं आणि इथे पाणी तयार होतंय, हे विसरू नका. जास्त शक्तीवर आणखी एक भानगड होते: एर्बियमच्या अधिक वरच्या पातळीतून ५५६ च्या आसपास एक पट्टी येते आणि ५४५ च्या पट्टीत मिसळते. शक्ती बदलल्यावर दुसऱ्या पट्टीचा आकार बदलतो का ते वर्णपट एकमेकांवर ठेवून बघा.

निष्क्रिय सिलिकाचे दाणे भरून तोच प्रयोग करा. तिथे अभिक्रिया नाही, म्हणून अधिशोषणाची किरकोळ लाट वगळता गुणोत्तर हलायला नको. हललं, तर इथेनॉलची वाफ तुमच्या प्रकाशात किंवा उष्णतेच्या वहनात ढवळाढवळ करतेय.

अभिक्रिया संपल्यावर पुन्हा नुसता नायट्रोजन सोडा. गुणोत्तर १.२५५ वर परत आलं पाहिजे. आलं नाही, तर दाण्यांवर जमलेला कार्बन बघा. दाणे तपकिरी-काळे पडतात आणि असा थर कमी तरंगलांबीचा प्रकाश थोडा जास्त खातो. म्हणजे ५२५ जास्त घटतं आणि दाणा खोटा थंड दिसतो. ५२५ आणि ५४५ इतके जवळ असल्यामुळे ही चूक लहान राहते, ५४५ आणि ६१५ च्या जोडीत ती बरीच मोठी असते. तरीही परतीच्या मापनातला फरक दोन-तीन अंशांपेक्षा जास्त असेल तर कार्बन हवेत जाळून दाणे स्वच्छ करा आणि प्रयोग कमी वेळाचा ठेवा.

आणि शेवटी रूपांतरणाशी ताळमेळ. गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायूंचं मिश्रण वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर) इथेनॉलचं रूपांतरण आणि उत्पादनं मोजा. कमी तापमानाला इथिलीनऐवजी डायइथिल ईथर जास्त होतं, आणि ती अभिक्रिया उष्णता सोडते. म्हणजे तापमान उतरण्याऐवजी किंचित चढलं तर घाबरू नका, आधी ईथर किती आहे ते बघा. रूपांतरणावरून निघणारी उष्णता आणि दाण्याने दाखवलेली घट यांची दिशा आणि ढोबळ आकार जुळला, तर मापनावर विश्वास ठेवायला जागा आहे.

निबंधात किंवा प्रबंधात लिहिताना फक्त ‘२५०° से.’ असं लिहू नका. भट्टीचं तापमान, दाण्याचं तापमान, फायबरची उंची आणि भिंतीपासूनची खोली, लेझरची शक्ती, पट्ट्यांच्या सीमा, कॅलिब्रेशनचा उतार आणि परतीच्या मापनात राहिलेला फरक, हे सगळं द्या. आणि सक्रियण ऊर्जेचा आलेख काढताना आडव्या अक्षावर भट्टीचं नाही, दाण्याचं तापमान घ्या. दोन्ही आलेख शेजारी छापलेत तर वाचणाऱ्याला फरक स्वतः मोजता येईल.